रेसवरून आलेला घोडा आणि सॅडलखालचं कापड

तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिला असा, की रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा घेतला, त्याच्यासाठी जुनी, आधी कुणीतरी वापरलेली जनरल पर्पज सॅडल (खोगीर) मिळाली, पण ती घातली की घोडा कान मागे पाडतो, तंग म्हणजे पोटाखालचा पट्टा आवळताना चावायला येतो आणि विदर्सच्या, म्हणजे मान संपते तिथल्या पाठीच्या उंचवट्याच्या, दोन्ही बाजूंना पांढरे केस दिसतात. दुकानदाराच्या सल्ल्याने जेल पॅड घेतलं, त्याखाली सुती कापड, वर मेंढीच्या लोकरीचं हाफ पॅड. आता आणखी कोणतं घ्यावं? दुसरा प्रश्न, रेसमध्ये तर सॅडलखाली नंबराचं एक पातळ कापड दिसतं आणि ते घोडे जीव तोडून पळतात, मग एवढी जाडी लागते तरी कशाला?

आणखी काहीही घेऊ नका. आहे त्यातलं जेल आणि हाफ पॅड आज काढून ठेवा. सॅडल आणि घोडा या दोघांची आधी नीट गाठ घालून द्या, कापडाचं मग बघू.

सॅडलच्या आत लाकडाचा, फायबरचा किंवा प्लॅस्टिकचा सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. या ट्रीच्या पुढच्या कमानीची रुंदी ठरलेली असते. ती घोड्याच्या पाठीला अरुंद पडत असेल आणि तुम्ही खाली तीन थर घातलेत, तर त्याच कमानीत आता घोडा अधिक तीन थर मावायला हवेत. चिमटा वाढतो. घट्ट बुटात जाड मोजा घातल्यावर अंगठ्याचं जे होतं तेच. शिवाय सॅडल जितकी उंच जाते तितकी डुलते, डुलू नये म्हणून माणूस तंग आणखी आवळतो आणि घोडा चावायला येतो. तुमच्या घोड्याचा स्वभाव वाईट आहे असं मला तुमच्या वर्णनावरून अजिबात वाटत नाही.

तेव्हा घोडा सपाट जागी उभा करा आणि सॅडल कापडाशिवाय, उघड्या पाठीवर ठेवा. खांद्याचं पसरट हाड पाय पुढे टाकताना मागे सरकतं. ट्रीचं टोक त्या हाडाच्या मागे असलं पाहिजे, वर नाही. सॅडलची मागची बाजू शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. घोड्याला पाठीचे अठरा मणके बरगड्यांना जोडलेले असतात आणि वजन पेलायचं ते तिथपर्यंतच. त्यामागे कंबर आहे, तिला खालून बरगडीचा आधार नाही. विदर्स आणि कमान यांच्यात स्वार बसल्यावरही दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. सॅडलच्या खालच्या दोन गाद्यांच्या मधली पन्हळ पुढून मागेपर्यंत सारखी, साधारण तीन-चार बोटं रुंद हवी. मागे जाऊन ती निमुळती झाली की मणक्यावर गादी चढते. मग तंग हलका लावून तळहात गादीखाली पुढून मागे सरकवत न्या. हात कुठे अडकतो, कुठे एकदम मोकळा होतो, ते बघा. दोन टोकांना घट्ट आणि मध्ये मोकळा लागला तर सॅडल पुलासारखी प्रत्येक बाजूला दोनच ठिकाणी टेकते आहे, आणि स्वाराचं सगळं वजन त्या चार ठिपक्यांवर येतं आहे.

अरुंद सॅडलला कोणतंही पॅड उपाय नाही. इथे मी कुणाचीही भीड ठेवत नाही. विका, बदला, ट्री रुंद करता येण्याजोगी असेल तर करून घ्या, पण खालून खोगीरभरती करू नका.

सॅडल किंचित रुंद असेल तर मात्र गोष्ट वेगळी, आणि रेसवरून आलेल्या घोड्याच्या बाबतीत बहुधा हेच निघतं. या घोड्यांचे विदर्स उंच असतात आणि त्यांच्या मागे दोन्ही बाजूंना खळगे पडलेले असतात. आहार, आराम आणि सावकाश केलेलं काम मिळालं की ते खळगे काही महिन्यांत भरतात. आजच्या खळग्याला बरोबर बसणारी सॅडल घेतलीत तर दिवाळीपर्यंत ती घट्ट होईल. म्हणून थोडी रुंद सॅडल आणि कप्पे असलेलं हाफ पॅड, त्या कप्प्यांत फेल्टच्या किंवा फोमच्या पातळ पट्ट्या, हा काही काळापुरता चांगला उपाय आहे. पट्टी जिथे कमी आहे तिथेच घालायची: पुढे खळगा असेल तर पुढे, मध्ये पोकळी असेल तर मध्ये. दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघायचं आणि पाठ भरेल तशा पट्ट्या काढत जायचं. पट्ट्या वर्षभर तशाच राहिल्या, तर खळगे भरायला जागाच मिळत नाही.

पाठ भरते आहे की नाही हे नजरेवर सोडू नका. पुण्यात अप्पा बळवंत चौकात ड्रॉइंगच्या सामानाच्या दुकानात वाकवता येणारी लवचिक पट्टी मिळते, नकाशे काढणारे वापरतात ती. खांद्याच्या हाडामागे तीन बोटांवर ती पाठीवर आडवी दाबून बसवा, अलगद उचला, कागदावर ठेवून आतून पेन्सिल फिरवा, तारीख घाला. महिन्या-दीड महिन्याने त्याच कागदावर दुसरी रेघ काढा. सॅडलवाल्याशी वाद घालायला हा कागद फार उपयोगी पडतो.

पांढऱ्या केसांबद्दल. दाब बराच काळ राहिला की त्वचेतला रक्तपुरवठा तुटतो, केसाला रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि नवीन केस पांढरा येतो. तो पुन्हा काळा होत नाही. त्यामुळे हे डाग तुमच्या सॅडलचे की आधीच्या वर्षांतले, हे नुसत्या रंगावरून सांगता येणार नाही. बोटाने दाबून बघा. घोडा पाठ खाली टाकतो का, जागा गरम किंवा सुजलेली लागते का, केस तुटून खुरटे झालेत का? यातलं एकही असेल तर जखम आजची आहे. कातडी सोलवटली असेल तर सॅडल पूर्ण बंद. लांब दोरीवर फिरवा, हाताने चालवा, आणि पशुवैद्यांना दाखवा. जखमेच्या जागी पॅडला भोक पाडून स्वारी चालू ठेवण्याची एक जुनी युक्ती आहे, ती करू नका. भोकाच्या कडेवर दाब वाढतो आणि एका जखमेभोवती दुसरी तयार होते.

आता कापड. त्याच्याकडून माझी अपेक्षा मर्यादित आहे: घाम शोषावा, सॅडलचं चामडं घामापासून आणि पाठ चामड्याच्या घासण्यापासून वाचवावी, बारीकसारीक दाब पसरवावा. एवढं त्याने केलं की पुरे. एवढंही न करणारी कापडं बाजारात भरपूर आहेत, त्यातली काही फार देखणी असतात.

जाडीच्या आधी आकार बघा. वरची शिवण सरळ रेषेत असलेलं कापड विदर्सवर ताणलं जातं आणि स्वारी सुरू झाली की तंगाबरोबर खाली ओढलं जाऊन हाडावर दोरीसारखं बसतं. तुमच्या घोड्याच्या उंच विदर्ससाठी पुढून वर वळण घेऊन शिवलेलंच कापड हवं. सॅडलच्या चहूबाजूंनी ते इंच-दोन इंच बाहेर दिसलं पाहिजे, म्हणजे काठाची जाड गोट सॅडलच्या गादीखाली येणार नाही. क्लबचं भरतकाम किंवा कंपनीचा बिल्ला कुठे आहे तेही उलटून बघा. मागच्या बाजूचा टाक्यांचा गठ्ठा पाठीला लागत असेल तर ते कापड भिंतीवर शोभेल.

घालताना कापड विदर्सच्या जरा पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस आपल्या वळणाने आडवे बसतात. उलट, मागून पुढे कधी ओढू नका. सॅडल ठेवल्यावर कापड पुढून आणि मधून वर पन्हळीत खेचा, मणक्यावर हवा खेळायला बोगदा राहिला पाहिजे. मग तंग. स्वार बसल्यावर पुन्हा एकदा बोट घालून बघा. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि रायडिंग स्कूलमध्ये सर्वात जास्त टाळलं जातं तेही हेच.

कशाचं घ्यावं, यावर माझी मतं जरा ठाम आहेत. घोड्याला भरपूर घाम येतो. उन्हात जोराचं काम केलं तर तासाला दहा लिटरच्या पुढेही. त्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, त्यामुळेच तंगाखाली आणि मानेवर साबणासारखा फेस दिसतो. हा घाम बाहेर पडायला वाट हवी. जेल आणि निओप्रीन (रबरासारखा कृत्रिम फोम) ती वाट बंद करतात. जेल जड असतं, तापतं आणि आपल्या हवेत तापलेलं राहतं. मेमरी फोम हाताने दाबून पाहिला की छान वाटतो, पण सत्तर किलोंचा स्वार त्यावर बसला की तो तळाला जातो आणि मग असून नसल्यासारखा. रोजच्या तासाभराच्या कामाला मधे पातळ भर घालून टाचलेलं सुती कापड चांगलं. ते स्वस्त असतं, धुता येतं आणि लवकर वाळतं. आपल्याकडे ते मिळायला अडचण नाही, कारण कानपूर हे खोगीर-सामानाच्या निर्यातीचं मोठं केंद्र आहे आणि परदेशी नाव लावून येणारा बराच माल मुळात तिथलाच असतो.

लांब पल्ल्याला लोकर. वजनाच्या साधारण तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही ती ओली लागत नाही, दाबली तरी तिच्यात हवा राहते. राजस्थानात टोंकला आणि काश्मीरमध्ये लोकर भिजवून, लाटून नमदा बनवतात. घट्ट, एकसारख्या जाडीचा आणि शंभर टक्के लोकरीचा मिळाला तर त्याहून चांगलं काही मला माहीत नाही. मात्र बाजारात लोकरीत कृत्रिम धागा मिसळलेला नमदा सर्रास मिळतो. एक धागा ओढून जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख चिमटीत चुरगळते, कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो.

आणि घोंगडी. आपल्या मेंढ्यांची लोकर राठ असते हे खरं, म्हणून अंगाला लागेल असं एक धुतलेलं सुती कापड आणि त्यावर घोंगडीची घडी. ही काही मागासलेली पद्धत नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत आणि त्यानंतरही युरोपातल्या फौजा हेच करत होत्या. जर्मन घोडदळाच्या खोगिराखाली वॉयलाख नावाची मोठी लोकरी चादर सहा किंवा नऊ पदरी घडी घालून असे. ब्रिटिश फौजेतही घडी घातलेली कांबळी चाले. यातली हुशारी अशी की मोहिमेवर घोडा वाळतो, आणि तो वाळला तर घडी बदलता येते. आज आतला पदर घामाने भिजला तर उद्या उलटी घडी घालून कोरडा पदर पाठीला लावता येतो. रात्री तीच चादर पांघरायला. अमेरिकेत नावाहो लोकांनी विणलेल्या खोगीर-चादरीही एकेरी आणि दुहेरी अशा दोन मापांत असत. दुहेरी मधे दुमडून वापरायची. घडीचं पथ्य एकच: दुमडलेली जाड कड पुढे विदर्सकडे असावी, सुट्या कडा मागे आणि बाजूला, आणि आत एकही सुरकुती नको. पंधरा किलोमीटरनंतर एक सुरकुती काय करते ते एंड्युरन्सच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीत पशुवैद्य घोड्याच्या पाठीवरून बोटं फिरवतात तेव्हा कळतं.

थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांवर गोणपाट, वर रेक्झिन आणि मधे फोमचे तुकडे दिसतात. गोणपाट घाम घेतं, पण घासतंही फार. घोडेवाल्याला उपदेश करण्यापेक्षा बसण्याआधी कापडाची कड उचलून पाठ बघा, आणि जखम दिसली तर त्या घोड्यावर बसू नका. ग्राहक परत गेलेला त्याला लगेच समजतो.

आता रेसचं. तुम्ही टीव्हीवर जे पाहता ते दोन-अडीच मिनिटांचं सामान आहे. मुंबईत महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची, भारतातली सर्वात मानाची शर्यत. तीसुद्धा साधारण अडीच मिनिटांत संपते. रेसच्या सॅडलचं वजन काही शे ग्रॅमपासून सुरू होतं. तिला भरलेल्या गाद्या जवळपास नसतातच. जॉकी बसत नाही, रिकिबीत उभा राहतो. त्याचं वजन पुढे, विदर्सच्या जवळ येतं. म्हणून खाली पाठीला चिकटून न घसरणारं शॅमॉयचं (मऊ चामड्याचं) किंवा रबरी जाळीचं कापड, त्यावर फोमचं हलकं पॅड, मग नंबराचं कापड, मग सॅडल, पोटाखालून तंग आणि या सगळ्यावरून एक लांब पट्टा. प्रेक्षकाला दिसतो फक्त नंबर. याच घोड्याला पहाटेच्या सरावाला बघा: सॅडल मोठी, खाली जाड पॅड. रोजच्या कामाला रेसवालेही पातळ कापडावर भागवत नाहीत.

नंबराच्या कापडाला पाठीशी फार देणंघेणं नाही. ते ओळखीसाठी आहे. अमेरिकेत नंबरागणिक रंग बांधलेले आहेत: एक लाल, दोन पांढरा, तीन निळा, चार पिवळा, पाच हिरवा, सहा काळा. त्यामुळे दूरच्या वळणावर नंबर वाचता आला नाही तरी घोडा ओळखता येतो. केंटकी डर्बीच्या कापडावर तर घोड्याचं नाव असतं. जपानमध्ये रंगाचं काम जॉकीच्या टोपीकडे सोपवलं आहे.

याच थरात कधीकधी आणखी एक कापड असतं आणि घोड्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं: शिशाचं. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात. जॉकी आणि सॅडल मिळून ते भरत नसेल तर खिसे असलेल्या कापडात शिशाच्या पट्ट्या घालून उरलेलं वजन पुरं करतात. ऑस्ट्रेलियात फार लॅप नावाच्या घोड्याने १९३० ची मेलबर्न कप ही हँडिकॅप शर्यत जिंकली आणि १९३१ मध्ये त्याच्यावर दहा स्टोन दहा पौंड, म्हणजे ६८ किलो ठेवले. तो आठवा आला. जिवंत स्वाराचं वजन घोड्याच्या चालीबरोबर सरकतं, शिसं सरकत नाही, म्हणून ट्रेनरना शिसं नको असतं आणि वजनाला जवळ जाणारा जॉकी हवा असतो. शिसं दोन्ही बाजूंना सारखं आणि पुढे घालतात. शर्यत संपल्यावर जॉकी स्वतः सॅडल काढून काट्यावर जातो. वजन कमी भरलं तर निकाल जाऊ शकतो. काट्यावर काय धरायचं आणि काय वगळायचं, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, पण पावसात भिजलेल्या जड सामानाकडे सगळेच संशयाने बघतात.

पाऊस म्हटला की धुण्याचं. पुण्याचा रेस सीझनच पावसाळ्यात असतो, त्यामुळे कापड वाळवण्याची डोकेदुखी इथल्या प्रत्येक मोतद्दाराला ठाऊक आहे. एका घोड्याला किमान तीन सुती कापडं ठेवा आणि ती त्याचीच. नायटा कापडावरून एका घोड्याचा दुसऱ्याला होतो, आणि घोड्याचा तुम्हालाही. स्वारीनंतर कापड उलटं, घामाची बाजू वर करून वाळत टाका, वाळलं की ताठ ब्रशने केस झाडा. धुताना पावडर थोडी, खळबळणं भरपूर; फेस राहिला तर पुढच्या घामाबरोबर तो पाठीवर उतरतो आणि पुरळ येतं. कपडे मऊ करणारी द्रावणं नकोत, त्यांनी कापडाची शोषण्याची ताकद जाते. नायट्याची शंका असेल तर सुती कापड साठ अंशाच्या पाण्यात. नमदा आणि मेंढीचं कातडं मात्र गरम पाण्यात घालाल तर बाहुलीच्या मापाचं बाहेर येईल. कोमट पाणी, लोकरीचा साबण, पिळायचं नाही, सावलीत आडवं पसरायचं. जुलै-ऑगस्टमध्ये ते दोन दिवसांत वाळत नाही, तेव्हा त्या महिन्यांत सुतीवरच भागवा.

पांढरं कापड घ्या, असं मी नेहमी सांगतो. लोक म्हणतात मळतं. मळावं म्हणूनच. अर्धा तास ट्रॉट-कँटर (दुडकी आणि हलकी दौड) केल्यावर ते काढून उलटं अंथरा. मधोमध स्वच्छ पट्टा आणि दोन्ही बाजूंना सारखे डाग असतील तर ठीक. एका बाजूचा डाग मोठा असेल तर सॅडल किंवा तुम्ही एकीकडे झुकता. पाठही बघा: ओल्या भागात खांद्यामागे कोरडं बेट दिसलं तर तिथे दाब इतका आहे की घामाच्या ग्रंथी थांबल्या, किंवा तिथे सॅडल टेकतच नाही. दोन्ही शक्य आहे. बोटाने दाबलं की घोडा कोणतं ते सांगतो.

तेव्हा या आठवड्यात कापड न घालता बसवलेल्या सॅडलचे बाजूने, समोरून आणि मागून असे तीन फोटो काढा, पाठीची एक रेघ कागदावर घ्या आणि जेल पॅड परत घेतात का ते दुकानदाराला विचारा. सॅडल अरुंद निघाली तर मला ट्रीवर छापलेलं माप कळवा. बऱ्याच सॅडलवर ते रिकिबीच्या पट्ट्याच्या वरच्या झाकणाखाली असतं.